लग्न ठरवण्यासाठी भावाच्या गोळ्या बंद कराव्यात का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : करवीर तालुक्यातील एका गावातून एका शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. त्यांचा धाकटा भाऊ 27 वर्षांचा असून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत कामाला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याची झोप एकाएकी उडाली. तो रात्र-रात्र बोलत बसू लागला, उधारीवर दोन जुन्या मोटारसायकली घेतल्या आणि गावच्या तालमीला लाखाची देणगी जाहीर करून आला. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले, बायपोलर आजाराचे (मन कधी अति उत्साहाच्या, म्हणजे उन्मादाच्या, तर कधी खोल नैराश्याच्या टोकाला जाण्याच्या आजाराचे) निदान झाले आणि लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. बरे वाटू लागल्यावर काही महिन्यांनी गोळ्या सोडल्या, तेव्हा दुसरा झटका आला. आता दीड वर्ष तो नियमित गोळ्या घेतो, कामावर जातो, पगार आणून वडिलांच्या हातात देतो. तुळशीच्या लग्नानंतर त्याचे लग्न उरकावे असे घरच्यांच्या मनात आहे. चुलते म्हणतात, "एकदा लगीन लावून दिलं की पोरगं सुतासारखं सरळ हुतंय. त्या गोळ्यांनी किडनी जाते, आत्ताच बंद करा, आणि पाहुण्यांना यातलं काही कळता कामा नये." सरकारी दवाखान्यातील फाईलही बंद करावी, संगणकावर नाव राहायला नको, असा त्यांचा आग्रह आहे. या ताई विचारतात : गोळ्या बंद करता येतील का? मुलीकडच्यांना सांगायलाच हवे का? आणि सांगितले तर मुलगी कोण देणार?

सल्ला :

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण तुमच्या घरात पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने आधीच ठरून गेले आहे. भाऊ पूर्ण बरा झाला म्हणून गोळ्या बंद करू या, असे कोणी म्हणत नाही. कपाटातली गोळ्यांची पाकिटे नव्या सुनेच्या नजरेस पडतील म्हणून त्या बंद करायच्या आहेत. औषधाचा निर्णय आजाराकडे पाहून घ्यायचा असतो आणि येथे तो पाहुण्यांकडे पाहून घेतला जात आहे, एवढे जरी तुम्ही वडिलांच्या लक्षात आणून दिलेत तरी घरातल्या बोलण्याचा रोख बदलेल. आणखी एक गोष्ट मला खटकली. पत्रात वडिलांचे म्हणणे आहे, चुलत्यांचे आहे, तुमचे आहे. मात्र ज्याचे लग्न आहे आणि ज्याच्या गोळ्या आहेत, त्या कर्त्या माणसाला काय वाटते याबद्दल एक ओळही नाही. त्याला लग्न करायचे आहे का, ते याच वर्षी करायचे आहे का, आणि होणाऱ्या बायकोला आपल्या आजाराबद्दल काय सांगावे असे त्याला वाटते, हे सर्वांत आधी त्यालाच विचारा.

आता औषधाविषयी. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी 1949 साली दाखवून दिले. त्यानंतर कितीतरी नवी औषधे आली, तरी बायपोलर आजाराचे पुढचे झटके टाळण्याच्या कामात लिथियमचे स्थान टिकून आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांतही त्याचे नाव घेतले जाते. ते एकदम थांबवले तर पुढच्या काही महिन्यांत झटका, विशेषतः उन्मादाचा झटका, उलटून येण्याची शक्यता फार वाढते. तुमच्या घराने हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. दोन झटके येऊन गेलेल्या माणसाला बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षे गोळ्या चालू ठेवण्याचाच सल्ला देतात, आणि माझाही सल्ला तोच आहे. पुढे कधी त्या थांबवून पाहण्याचा विचार झालाच तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, किमान चार आठवड्यांत आणि शक्यतो तीन महिन्यांत मात्रा हळूहळू उतरवत, आणि आयुष्यात कोणतीही मोठी उलथापालथ नसलेल्या काळात व्हावा.

लग्नाचे वर्ष तर त्यासाठी सर्वांत वाईट वर्ष होय. या आजारात झोप मोडणे हे झटक्याचे लक्षणही असते आणि कारणही असते. आपल्याकडच्या लग्नात आठवडाभर घर जागे असते. याद्या, बस्ता, हळद, वरात, देवदर्शन आणि वर रात्रभराचे जागरण-गोंधळ. ज्याचा मेंदू दोन रात्रींच्या जागरणाने घसरू शकतो, त्याच्या गोळ्या नेमक्या त्याच आठवड्याआधी काढून घेणे म्हणजे मांडवातच तिसऱ्या झटक्याची तयारी करण्यासारखे आहे. हळदीच्या रात्री नवरदेव देणग्या जाहीर करू लागला तर जे लपवायचे होते ते साऱ्या गावासमोर उघडे पडेल, आणि त्या मुलीला ते सर्वांत वाईट रीतीने कळेल. म्हणून विधी कमी करा, गोंधळ दिवसा किंवा संध्याकाळी उरकता येतो का ते गोंधळ्यांना विचारा, आणि नवरदेवाची किमान सहा-सात तासांची झोप ही मुहूर्ताइतकीच महत्त्वाची माना.

चुलत्यांची किडनीची भीती मी उडवून लावणार नाही, कारण तिला आधार आहे. लिथियम दीर्घकाळ घेणाऱ्या काही लोकांत मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि थायरॉईडचे कार्यही कमी होऊ शकते. यावर उपाय आहे तो नियमित तपासणीचा : दर सहा महिन्यांनी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी), वर्षातून एकदा कॅल्शियम, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा लिथियमची रक्तपातळी. ही पातळी सहसा 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर या दरम्यान राखली जाते. रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे असते, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर. अनेक जण सकाळची गोळी घेऊनच प्रयोगशाळेत जातात, मग आकडा फुगलेला दिसतो आणि घरचे घाबरून औषधच सोडून देतात. तपासणीत काही बदल दिसलाच तर तो वेळेत कळतो; मात्रा कमी करता येते, औषध बदलताही येते.

तुमचा भाऊ फौंड्रीत काम करतो, म्हणून या बाबतीत थोडे सविस्तर लिहिते. भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ भराभर जाते, आणि शरीरातील पाणी व मीठ घटले की मूत्रपिंड लिथियम अडवून ठेवते व त्याची रक्तातील पातळी वाढते. म्हणून त्याने पाळीभर पाणी पीत राहावे, जेवणातले मीठ एकाएकी सोडू नये, आणि जुलाब-उलट्या होऊ लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून घेण्याची कामगारांची सवय असते. या गोळ्यांनीही लिथियमची पातळी वाढते, तेव्हा औषध घेताना 'मी लिथियमवर आहे' असे दुकानदाराला सांगणे त्याच्या अंगवळणी पडले पाहिजे. हाताला मोठा कंप सुटणे, चालताना तोल जाणे, बोलताना जीभ अडखळणे ही पातळी फार वाढल्याची लक्षणे आहेत आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठायचे असते. रात्रपाळी त्याच्यासाठी बरी नाही. 'वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी देऊ नये' एवढेच लिहिलेले पत्र डॉक्टरांकडून घेता येते; त्यात आजाराचे नाव घालण्याची गरज नसते.

लग्नाने पोरगा सुतासारखा सरळ होतो, हे वाक्य कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून मी ऐकत आले आहे. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. जबाबदारी पडली की उनाड मुलगा कामाला लागतो हे त्यांनी पाहिलेले असते आणि तोच नियम ते आजाराला लावतात. पण तुमचा भाऊ उनाड नव्हता, तो आजारी होता, आणि आज तो सरळ चालतो आहे तो औषधांमुळे आणि तुम्हा सर्वांच्या धीरामुळे. या समजुतीत एक अन्यायही दडलेला आहे. दुसऱ्याच्या घरातून येणाऱ्या मुलीवर, तिला काही न सांगता, न विचारता, उपचाराचे काम सोपवले जाते, आणि झटका आलाच तर 'हिच्या पायगुणाने झाले' हे ऐकण्याची पाळीही तिच्यावरच येते. तुमच्या वर्गातली एखादी विद्यार्थिनी उद्या अशाच घरात पडली तर तुम्हाला काय वाटेल, याचा विचार तुम्ही केलाच असणार. त्यावाचून तुम्ही हे पत्र लिहिले नसते.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, मात्र मी वकील नाही, म्हणून निर्णयाआधी वकिलांशी बोलावे. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 12 नुसार, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने लग्नाची संमती मिळवली असेल तर फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत लग्न रद्द ठरवून मागता येते. त्याच कायद्याचे कलम 5 काही मानसिक विकारांबाबत अटी घालते, पण निदानाचे नुसते नाव त्याला पुरत नाही. घटस्फोटाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली राम नारायण गुप्ता प्रकरणात स्किझोफ्रेनियाचे निदान झाले एवढेच कारण पुरेसे नाही, आजाराचे प्रमाण पाहावे लागते, असे स्पष्ट केले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 3 तर सांगते की एखाद्याला मानसिक आजार असल्याचे निदान म्हणजे तो 'विकल मनाचा' ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. म्हणजे भावाने लग्न करण्याच्या आड त्याचे निदान येत नाही, लपवाछपवी मात्र येऊ शकते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 5 मध्ये 'वारंवार येणारे वेडाचे झटके' अशा अर्थाची अट आजही आहे. अपस्मार, म्हणजे फिट्स, हाही त्या अटीत होता आणि 1999 च्या दुरुस्तीने तो वगळला गेला. उपचाराने वर्षानुवर्षे स्थिर राहणाऱ्या मानसिक रुग्णांचाही तसाच विचार संसदेने करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण असे शब्द कायद्यात राहतात तोवर घरोघरचे चुलते फायली बंद करायला सांगत राहणार.

मग सांगायचे कधी आणि कसे? बायोडाटात लिहू नका आणि कांदेपोह्यांच्या पहिल्या कार्यक्रमात सर्वांसमोर जाहीरही करू नका. आजाराची माहिती ही भावाची खासगी बाब आहे; जिच्याशी संसार करायचा तिला ती कळायला हवी, मध्यस्थाला आणि साऱ्या भावकीला नव्हे. दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर, पण सुपारी फुटण्यापूर्वी, भावाने स्वतः तिला सांगावे. "मला बायपोलर नावाचा आजार आहे. तीन वर्षांपूर्वी रुग्णालयात दाखल झालो होतो, गोळ्या सोडल्या तेव्हा पुन्हा त्रास झाला. दीड वर्ष मी व्यवस्थित आहे, कामावर जातो, गोळ्या रोज घेतो आणि पुढेही घेणार आहे. तुम्हाला विचारायचे असेल ते विचारा, माझ्या डॉक्टरांनाही भेटू शकता." एवढे पुरे. त्याच्या परवानगीने ती मुलगी आणि तिचे आई-वडील डॉक्टरांना भेटले तर बऱ्याच शंका तिथेच मिटतात. मुलांना हा आजार होईल का, हा प्रश्न हमखास येतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक मानली जाते. ती इतरांपेक्षा जास्त आहे हे प्रामाणिकपणे सांगावे, आणि बहुसंख्य मुलांना तो होत नाही हेही सांगावे.

'झोपेच्या गोळ्या घेतो' किंवा 'थोडे टेन्शन होते' असे अर्धे सांगण्याचा मार्ग अनेक घरे निवडतात. तो मला न सांगण्याइतकाच वाईट वाटतो, कारण अशा बायकोला नवऱ्याची झोप उडाली तर काय करावे हे कळतच नाही, आणि पुढे खरे समजले की विश्वास कायमचा जातो.

सांगितल्यावर काही स्थळे परत जातील. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, आणि त्या घरांना दोषही देणार नाही. परंतु सगळे ऐकून घेऊनही जी मुलगी हो म्हणेल, ती डोळे उघडे ठेवून येईल आणि तिच्या घराचा आधारही तुम्हाला मिळेल. असे संसार मी माझ्या रुग्णांत पाहिले आहेत. हे लग्न याच हंगामात झाले पाहिजे असा कुठे नियम आहे? आणखी एक वर्ष प्रकृती स्थिर राहिली, भावाला आपला आजार स्वतःच्या तोंडाने सांगता येऊ लागला, तर तोही एक चांगला पर्याय आहे, आणि तुमच्या पत्रावरून मला तोच जास्त बरा वाटतो.

हेच प्रश्न मुलींच्या बाबतीतही येतात आणि तिथे एक गोष्ट अधिक तातडीची असते. बायपोलर किंवा फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीने गर्भधारणेच्या कितीतरी आधी, लग्न ठरतानाच, डॉक्टरांशी बोलावे, कारण या औषधाने गर्भाच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात दोष राहू शकतात. ते आपल्या मनाने सोडू नये. दुसऱ्या औषधावर नेण्यास वेळ लागतो. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजारात जोखमीचे असतात, म्हणून सासरी हा आजार माहीत असणे तिच्या आणि बाळाच्या जिवासाठी आवश्यक आहे.

फाईल बंद करण्याचा विचार मनातून काढून टाका. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे 2017 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. पाहुण्यांपैकी कोणी दवाखान्यात चौकशी केली तरी ती माहिती त्यांना देता येत नाही. उलट त्या फाईलमध्येच कोणते औषध लागू पडले, किती मात्रेला काय त्रास झाला, याचा सगळा इतिहास आहे आणि त्याची प्रत मागण्याचा हक्क तुमच्या भावाला आहे. आरोग्य विम्याबाबतही, शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराच्या उपचारांना विमा द्यावा असे कलम 21 सांगते, म्हणून विम्याच्या अर्जातही आजार लपवू नका.

घरे आजार लपवतात यात सगळा दोष घरांचा नाही, असे मला वाटते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत बायपोलर आजार असलेल्या सुमारे 70 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, पण आपले चित्र फार निराळे असेल असे समजण्याचे मला कारण दिसत नाही. करवीरमधून शहरात येणे तुम्हाला सोपे आहे. चंदगडच्या रुग्णाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. गोळ्यांसाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडते, 'कुठे निघालास?' या प्रश्नाला दरमहा नवे उत्तर शोधावे लागते, आणि कधीतरी माणूस जायचे थांबतो. वास्तविक अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असे 2017 च्या त्याच कायद्याच्या कलम 18 मध्ये लिहिलेले आहे. लिथियम राष्ट्रीय यादीत आहे आणि ते स्वस्तही आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या खिडकीवरच ते मिळू लागले, त्याच्या रक्तपातळीची चाचणी उपजिल्हा रुग्णालयापर्यंत आली, तर कोण कशासाठी रांगेत उभा आहे हे कोणाला कळणारही नाही आणि लपवण्यासारखेही फारसे उरणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात आहे. त्याचा पैसा आणि माणसे यांचा हिशेब जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, आमदारांनी मागावा, आणि तुमच्यासारख्या शिक्षकांनी तो मागण्यास त्यांना भाग पाडावे, असे मला कळकळीने वाटते. ज्या वाचकांच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही त्यांना टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो.

तुमच्यासाठी लगेच करण्याचे काम असे : पाहण्याचा पहिला कार्यक्रम ठरण्यापूर्वी भाऊ, वडील आणि शक्य असेल तर चुलते, सगळे मिळून डॉक्टरांकडे जा. किडनीचा प्रश्न चुलत्यांनाच विचारू द्या आणि रक्ताचे अहवाल त्यांच्यासमोर वाचून घ्या. घरातल्या माणसाचे न पटणारे म्हणणे डॉक्टरांच्या टेबलासमोर बरेचदा पटते. भावाने बरा असताना एका कागदावर स्वतःची सुरुवातीची लक्षणे लिहून ठेवावीत, उदाहरणार्थ झोप चार तासांवर येणे, उधारीची खरेदी, रात्रीचे फोन, आणि ती दिसली तर कोणी काय करायचे हेही. 2017 च्या कायद्यानुसार साध्या कागदावर सहीनिशी त्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचाराच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारा माणूस, नेमता येतो. त्याची इच्छा असेल तर तो तुमचे नाव लिहू शकेल, आणि लग्नानंतर पत्नीचे. हे पत्र पोचेपर्यंत त्याने गोळ्या सोडल्याच असतील तर जुनी मात्रा आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा; आणि सलग दोन रात्री तो झोपला नसेल तर तेवढीही वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.